बापांनो, हजर व्हा!

1881 साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा सुनावली. पोटच्या तान्ह्याला मारल्याचा गुन्हा तिच्यावर शाबीत झाला होता. शिक्षा पुढे सौम्य झाली, पण तेवढ्यात वर्तमानपत्रांनी बायकांच्या चालचलणुकीवर रकानेच्या रकाने लिहून काढले. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापल्या आणि 1882 मध्ये त्यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून निघाले. बाई दोषी ठरली, पाठोपाठ सगळी बाईजात दोषी ठरली. त्या मुलाला एक बापही होता, याची आठवण करून द्यायला एका बाईलाच लेखणी उचलावी लागली.

तेव्हापासून आजवर गोदावरीला किती पूर येऊन गेले! विधवाविवाहाला कायद्याने मुभा आहे, मुली शिकल्या, मोटारी चालवू लागल्या. बाप मात्र अजून गैरहजरच आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्याकडेच पाहा. सुरगाणा, पेठ, हरसूलच्या पाड्यांवरून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर छाटणीला उतरतात आणि महिनोन्‌महिने मळ्यातल्या शेडमध्ये राहतात. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत खेड्यापाड्यांतली पोरे-पोरी खोल्या करून राहतात. कॉलेज रोडच्या आसपास परगावची मुले-मुली फ्लॅट भाड्याने घेतात. माणसे एकत्र आली की जीव जडतो, एकत्र राहणे होते, कधी शुद्ध फसवणूक होते. आणि मूल होते. पुढचे सर्वांना पाठ आहे. पोरगी माहेरी, पोरगा ‘कामाला बाहेरगावी’. मोबाइल बंद. मग चार शहाणी माणसे बसतात आणि प्रकरण ‘मिटवतात’.

यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणी, पांढरकवडा या भागांतल्या आदिवासी कुमारी मातांची दैना वर्षानुवर्षे छापून येते आहे. बाहेरून आलेले ठेकेदार, व्यापारी, कामावरचे बाबू लग्नाचे आमिष दाखवतात, काम संपते, गाडी निघून जाते. त्यावर सर्वेक्षणे होतात ती मातांची. पुनर्वसनाच्या योजना आखल्या जातात त्याही मातांच्या. त्या पोरांच्या बापांची यादी करावी, त्यांच्या दारी नोटीस पाठवावी, असे फारसे कुणाला सुचत नाही. पुनर्वसन जरूर करा. पण ज्याच्या पगारातून, ज्याच्या सातबाऱ्यातून त्या मुलाचे दूध यायला हवे, तो मोकळा फिरत असेल तर सरकार त्याची उधारी फेडत बसणार का?

पळून जाणाऱ्या बापाची एक ठाम समजूत असते: लग्नच नाही, तर बंधन कसले? ही समजूत धादांत खोटी आहे, आणि आजची नाही, इंग्रजी अमलापासून खोटी आहे. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 488 होते. 1973 मध्ये त्याचे कलम 125 झाले. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 त्याच्या जागी आले आहे. आकडे बदलले, मजकुरातला कणा बदलला नाही. स्वतःचा निर्वाह करू न शकणारे मूल औरस असो की अनौरस, ऐपत असलेल्या बापाने त्याला पोसलेच पाहिजे. बाप हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध, आदिवासी, कोणीही असो. हिंदूंसाठी 1956 च्या दत्तक व निर्वाह कायद्याचे कलम 20 हेच निराळ्या शब्दांत सांगते. बायकोला पोटगी मागायची तर लग्न दाखवावे लागते. मुलाला फक्त बाप दाखवावा लागतो.

त्या माउलीलाही एक गोष्ट कळू द्या. नवरा-बायकोसारखे एका घरात राहिलात, तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा लग्नाच्या दाखल्यावर अडून बसत नाही. तुमच्या स्वतःच्या हक्काचा वाद काही काळ चालला, तरी मुलाचा अर्ज त्यासाठी थांबवून ठेवू नका.

अर्ज कुठे करायचा? शहरात कौटुंबिक न्यायालय, तालुक्याला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी. बाप जिथे आहे तिथे, किंवा मुलाच्या आईबरोबर तो शेवटचा जिथे राहिला तिथे. म्हणजे पोरगी सुरगाण्याची आणि दोघे राहत होते अंबडला, तर नाशकातच अर्ज चालतो. अंतरिम पोटगीचा निर्णय नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत द्यावा, असे कायदा म्हणतो. ‘शक्यतो’ या शब्दाचे आपल्या न्यायालयांत काय होते ते वकिलांना विचारा. पण तो शब्द दाखवून तारीख लवकरची मागता येते, हे विसरू नका. 2001 पर्यंत या कलमाखाली महिन्याला 500 रुपयांवर पोटगी देताच येत नसे, आज ती मर्यादा नाही. नागपूरहून दिल्लीपर्यंत गेलेल्या एका पोटगीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी देशभरासाठी नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर उघड करायची, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची. ‘साहेब, मी बेकार आहे’ एवढे म्हणून सुटका होण्याचे दिवस त्यामुळे कमी झाले आहेत.

आणि थकवली तर? वसुलीचा अर्ज, वॉरंट, दर थकलेल्या महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद. काही वीर म्हणतात, महिनाभर आत बसतो पण छदाम देत नाही. त्यांनी एवढे ऐकून ठेवावे की तुरुंगात बसल्याने रक्कम फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केले आहे. बाहेर आल्यावर देणे तसेच उभे असते. मात्र बायांनो, थकबाकीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो. दया दाखवत दोन-तीन वर्षे थांबाल तर मागचे हातचे जाईल.

‘मूल माझे कशावरून?’ हा त्याचा पुढचा प्रश्न. विचारू द्या. न्यायालय ऊठसूट डीएनए चाचणीचा आदेश देत नाही आणि ते बरोबरच आहे. पण प्रथमदर्शनी संबंध दिसत असताना माणूस चाचणीला पाठ दाखवत असेल, तर त्यातून त्याच्या विरुद्धचा निष्कर्ष काढायला न्यायालय मोकळे असते. नारायणदत्त तिवारी दोन राज्यांचे मुख्यमंत्री राहिलेले गृहस्थ. 2008 मध्ये रोहित शेखर यांनी त्यांच्यावर पितृत्वाचा दावा लावला, तिवारी रक्त द्यायला नको नको म्हणत राहिले, अखेर 2012 मध्ये नमुना द्यावा लागला आणि अहवालाने तेच बाप असल्याचे सांगितले. 2014 मध्ये त्यांनी मुलाला जाहीरपणे स्वीकारले. दावा लावणारा मुलगा वयाने मोठा झालेला होता, त्याला दूधभाताचे पैसे नको होते. त्याला बाप हवा होता. सत्तेच्या इतक्या उंचीवरच्या माणसाला जे टळले नाही, ते मळ्यावरच्या मुकादमाला किंवा कंपनीतल्या सुपरवायझरला टळेल कसे?

एक अडचण सांगायला हवी. आई दुसऱ्या कुणाची लग्नाची बायको असेल आणि संसार चालू असेल, तर कायदा तिच्या नवऱ्यालाच मुलाचा बाप धरतो. जानेवारी 2025 मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बजावले. तिथे तिसऱ्या माणसाकडे बोट दाखवणे फार अवघड आहे. ती वाट वेगळी, आज तिच्यात शिरत नाही.

आता त्या ‘मिटवण्या’विषयी थोडे सविस्तर, कारण आपल्याकडची खरी लूट तिथे होते. शंभराचा किंवा पाचशेचा स्टॅम्प आणतात. त्यावर लिहितात की अमुक रक्कम रोख मिळाली, यापुढे मुलाबाबत कोणताही हक्क राहिला नाही, कोर्टकचेरी करणार नाही. खाली पोरीचा अंगठा, पोराची आणि तिच्या बापाची सही, दोन पंच. पैशातला काही हिस्सा मध्यस्थांच्या खिशात, काही देण्याघेण्यात, उरलेला चार-सहा महिन्यांच्या किराण्यात. मूल सात वर्षांचे होते तेव्हा त्या पैशातला एक रुपयाही उरलेला नसतो, आणि आईला मात्र वाटत असते की आपण लिहून दिले, आता तोंड उघडता येणार नाही. बाई, तोंड उघड! मुलाच्या निर्वाहाचा हक्क मुलाचा आहे. तो आईला विकता येत नाही, आजोबाला विकता येत नाही, सरपंचाला तर नाहीच नाही. असा कागद मुलाचा अर्ज अडवू शकत नाही. तो स्टॅम्प जपून मात्र ठेव. बापाने मुलाखातर पैसे दिले हे त्याच्याच सहीने त्यात लिहिलेले असते, आणि पितृत्व सिद्ध करायला याहून चांगला पुरावा क्वचितच मिळतो.

पोरगी अठराच्या आतली असेल, तर मिटवायला बसलेल्या पंचांनी स्वतःच्या कातडीचाही विचार करावा. 2012 च्या पोक्सो कायद्यात तिच्या संमतीला किंमत नाही, आणि माहिती असून पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. अठरावरच्या मुलीला लग्नाचे खोटे वचन देऊन फसवले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 69 खाली दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पण इथे एक जुनी चूक आपण सगळेच करतो. फौजदारी खटला उभा राहिला की सारे त्याच्या मागे धावतात. आरोपी सुटला की ‘संपले’, त्याला सजा झाली की ‘न्याय मिळाला’. मुलाचे पोट दोन्ही निकालांनी भरत नाही. खटला चालू असो, संपलेला असो, पोटगीचा अर्ज वेगळा आणि तो वेगळाच करावा लागतो.

बापाच्या गैरहजेरीचा दुसरा फटका बसतो तो कागदांत. आपल्या राज्यात जात पडताळणी समिती वडिलांकडचे जुने दाखले मागते. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा, इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. चुलत्याचा, आजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला. जो बाप मुलाला ओळख देत नाही, तो आजोबाचा दाखला कुठून देणार? पोरगी बारावीला उत्तम गुणांनी पास होते आणि प्रवेशाच्या वेळी रडते. 2012 मध्ये गुजरातमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आईवडील वेगवेगळ्या समाजांचे असतील तेव्हा मूल आईच्या समाजात वाढले, त्या समाजाचे भोग त्याने भोगले, हे सिद्ध करून आईची जात लावण्याची वाट खुली आहे. वाट आहे, पण ती समितीपुढे लढून काढावी लागते. बापाने कपाटातला एक कागद काढून दिला असता तर लढाईच लागली नसती.

नावाबाबत मात्र राज्याने एक चांगले पाऊल टाकले. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम आला. आई आधी आली. त्याच्याही आधी, 6 जुलै 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अविवाहित आईने अर्ज केला तर बापाचे नाव सांगण्याची सक्ती न करता, फार तर प्रतिज्ञापत्र घेऊन, जन्मदाखला दिलाच पाहिजे. तेव्हा एखादा बाबू ‘बापाचे नाव आणा, मगच दाखला’ म्हणत असेल तर त्याला हा निकाल ऐकवा. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखल्याशिवाय गती नाही.

आता वळतो त्या बापांकडे, ज्यांना पळायचे नाही. असे बाप आहेत, आणि त्यांच्याविषयी आपण फारच कमी बोलतो. घरच्यांनी लग्न होऊ दिले नाही, पोरीला मामाकडे नेऊन ठेवले, मूल झाल्याचे मित्राकडून कळले, भेटायला गेला तर मार खाऊन परतला, असा तरुण कुठे जाईल? कायद्याने त्याला काय दिले आहे?

खरे सांगायचे तर आपोआप मिळेल असे फार काही दिलेले नाही. 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या कलम 6 प्रमाणे लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. 2015 च्या त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले की ज्या बापाने मुलाची कधी विचारपूस केली नाही, त्याला नोटीस दिल्यावाचूनही आई एकटी पालकत्व घेऊ शकते. मला हा निकाल योग्य वाटतो. जन्म देऊन नाहीशा झालेल्या माणसाची परवानगी काढत आईने का फिरावे? पण त्याच निकालात हेही आहे की पालकत्वाचे हुकूम कधीच कायमचे नसतात, त्यांना केव्हाही आव्हान देता येते. म्हणजे दार लोटलेले आहे, कडी घातलेली नाही. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा किंवा कौटुंबिक न्यायालयात बापाला अर्ज करता येतो. भेटीचा हक्क मागता येतो, परिस्थिती तशी असेल तर ताबाही. न्यायालय एकच गोष्ट पाहते, मुलाचे हित. तिथे तुमच्या प्रेमाची भाषणे उपयोगाची नाहीत. दरमहा पाठवलेल्या पैशांची नोंद, लसीकरणाच्या दिवशी दवाखान्यात हजर होता याची साक्ष, शाळेची फी भरल्याची पावती, हे बोलते. रोख देऊ नका, खात्यात टाका. आईच्या घरच्यांनी परत केले तरी पाठवत राहा. आईला धमक्या, तिच्या नावाने व्हॉट्सॲपवर चिखलफेक असले काही केले असेल, तर तेही न्यायाधीश वाचतात.

आई मूल दत्तकासाठी सोडून देत असेल तर घाई करा. मूल बालकल्याण समितीपुढे सोपवल्यापासून फेरविचाराला दोन महिने असतात, त्यानंतर ते दत्तकासाठी मोकळे होते. 2021 मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे असेच एक जोडपे आले. दोघे लग्नाविना एकत्र राहत होते, तो दूर गेला असताना हताश होऊन तिने बाळ सोपवले आणि पुढे दोघेही बाळ मागू लागले. न्यायालयाने म्हटले, एकत्र राहून मूल झालेल्या अशा जोडप्याला या बाबतीत विवाहित जोडप्यासारखेच धरले पाहिजे, बापाला वगळून केलेले सोपवणे टिकत नाही. निकाल केरळचा आहे, आपल्या उच्च न्यायालयावर तो बंधनकारक नाही, पण आपल्या वकिलाला तो पुढे ठेवता येतो.

सर्वात सोपी गोष्ट सर्वात आधी करा. जन्माच्या 21 दिवसांत नोंदणी असते. आईच्या संमतीने, तिच्याबरोबर जाऊन, मी या मुलाचा पिता आहे असे लिहून सही करा. एवढ्या एका सहीने पुढची निम्मी भांडणे संपतात.

आणि मृत्युपत्र करा. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतो, कारण कायद्याने या मुलांना जिथे खरोखर उघड्यावर टाकले आहे ती जागा वारसाहक्काची आहे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम 3 असे मूल आईचे नातलग मानते, बापाचे मानत नाही. बाप मृत्युपत्राविना वारला की तलाठ्याकडच्या वारस नोंदीत या मुलाचे नाव चढत नाही. आता यातला विरोधाभास पाहा. पहिली बायको हयात असताना ज्याने दुसरे लग्न केले, त्याचे ते लग्न कायद्याने शून्य. पण 1 सप्टेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितल्याप्रमाणे त्या लग्नाच्या मुलांना बापाच्या मालमत्तेत, वडिलोपार्जितातल्या त्याच्या हिश्श्यातही, वाटा आहे. ज्याने लग्नच केले नाही त्याच्या मुलाला शून्य. कायदा मोडून मांडव घातला तर मुलाला जमीन, मांडव न घालता प्रामाणिकपणे नांदवले तर काही नाही! दीर्घकाळ नवरा-बायको म्हणून राहिलेल्यांचे लग्न झालेच असे न्यायालय गृहीत धरू शकते, 2022 मध्येही सर्वोच्च न्यायालयाने तसे धरले; पण त्यासाठी बाप मेल्यावर पोराने साक्षीदार गोळा करत फिरायचे.

हे छिद्र कसे बुजवायचे ते एका माळ्याने शतकापूर्वीच दाखवून दिले आहे. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तिथे आलेल्या एका विधवेच्या मुलाला त्यांनी आपलेसे केले, यशवंत नाव दिले. जन्मदात्याने जे टाळले ते या परक्याने केले. आणि जोतीराव भावनेवर थांबले नाहीत. भाऊबंद उद्या काय म्हणतील हे त्या व्यवहारी माणसाला चांगले ठाऊक होते. 1887 मध्ये त्यांनी मृत्युपत्र करून यशवंताचा हक्क पक्का केला. तोच यशवंत डॉक्टर झाला, आणि 1897 च्या प्लेगात आईच्या बरोबरीने रोग्यांची सेवा करत राहिला. फुल्यांच्या पुतळ्याला दरवर्षी हार घालणाऱ्या किती पुरुषांनी स्वतःच्या रक्ताच्या, पण लग्नाबाहेरच्या मुलासाठी असा एक कागद केला असेल? साध्या कागदावर होतो, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात. स्वतःच्या मालकीची मिळकत हवी त्याला देता येते. आजच करा.

आदिवासी बांधवांना हे हिंदू कायदे लागू नाहीत, तिथे रूढी चालते. रूढी जुनी म्हणून पोराला डावलायची नसते. ग्रामसभेत बसून ती सुधारता येते. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून कितीतरी जोडपी आधी संसार मांडतात आणि पुढे कधीतरी सामुदायिक विवाहात, मुलांना कडेवर घेऊन, बोहल्यावर चढतात. त्यांच्याकडून शहरवाल्यांनी थोडे शिकायला हरकत नाही.

जातपंचायतीच्या भीतीने कच खाणाऱ्यांनी नाशिकचा अलीकडचा इतिहास आठवावा. 2013 मध्ये याच शहरात जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर लेकीचा बापानेच जीव घेतला. त्या संतापातून अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे जातपंचायतीला मूठमाती देण्याचे अभियान इथून उभे राहिले आणि राज्याला 2016 चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा करावा लागला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग, लाखापर्यंत दंड. ज्या गावात दंडाच्या भीतीने पोरगा बाप म्हणून उभा राहत नाही, तिथे कुणी दंड घ्यायचा आणि कुणी भरायचा, हे आता पंचांना विचारायला हवे.

म्हणून बागाईतदारांनो, मुकादमांनो, कंपनीतल्या अधिकाऱ्यांनो, तुमच्या हाताखालचा माणूस पळाला तर त्याचा नवा पत्ता लपवू नका. न्यायालयाचे पत्र आले तर त्याच्या पगाराचा खरा आकडा द्या. आशाताई, अंगणवाडीताई, त्या पोरीला पहिली माहिती तुमच्याकडून मिळते. तिला सांगा की विधी सेवा प्राधिकरणाचा वकील तिला फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता, स्त्रीला आणि मुलाला कायद्यानेच मिळतो. फोन 15100. बालसंगोपन योजनेचे महिन्याला 2250 रुपयेही तिच्या मुलासाठी मागून पाहा. कारखान्यातल्या कामगार बापालाही हा वकील मिळतो, हे त्यानेही लक्षात ठेवावे. मोठ्या मंडळींनो, मध्यस्थी करायचीच तर मुलाच्या नावाने खाते उघडून, दरमहा रक्कम ठरवून, न्यायालयापुढे नोंदवून करा. नाहीतर बसू नका.

आणि मतदारांनो, जिल्ह्यातून पंधरा आमदार विधानसभेत जातात. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क द्यायला दिल्लीने 2005 साल उजाडू दिले, महाराष्ट्राने ते 1994 मध्येच आपल्या दुरुस्तीने करून टाकले होते. तसेच याही वेळी करता येते. पितृत्व सिद्ध झालेल्या मुलाला बापाचा वारस मानणारी एक दुरुस्ती, राष्ट्रपतींच्या संमतीने. जगात हे नवे नाही, नॉर्वेने 1915 मध्ये केले. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज संहितेपासून बापाने अशा मुलाला रीतसर मान्यता देण्याची सोय आहे. उत्तराखंडच्या नव्या संहितेने लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांची मुले औरस ठरवली. त्या संहितेतल्या सहजीवन नोंदणीच्या सक्तीवर माझा विश्वास नाही, पण मुलांपुरते तिने बरोबर केले. सिंहस्थाच्या रस्त्यांसाठी, घाटांसाठी आमदार तुमच्याकडे येतील, तेव्हा रस्त्यांबरोबर हाही प्रश्न विचारा: हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 3 ची दुरुस्ती तुम्ही सभागृहात मांडणार की नाही? उत्तर लेखी मागा, आणि तारखेसह.